हौश्याचा उजवा डोळा

जुन्नरच्या पेठेत कासम नालबंदाला न ओळखणारा एकही बैल नव्हता. माणसांचं सांगत नाही, माणसं गरज सरली की ओळख विसरतात. पण ज्या हातानं खुराला नाल ठोकली तो हात बैल जन्मात विसरत नाही. कासमचा बाप नालबंद, आजा नालबंद. पण त्याच्याकडे यायला नालच पाहिजे असं काही नव्हतं. शिंग मोडलं, खूर सडला, खांदा सुजला, गोऱ्हा खच्ची करायचा झाला, की लोक म्हणायचे, "कासमला दाखवा."

आणि चामखीळ असली तर दुसरं नाव निघायचंच नाही. तो त्याचा हातखंडा होता. घोड्याच्या शेपटीचा एक लांब केस घ्यायचा, गोड्या तेलात बुडवायचा, चामखिळीच्या मुळाशी तीन वेढे द्यायचे आणि गाठ आवळायची. रक्त अडतं, चामखीळ काळी पडते आणि आठ-दहा दिवसांत वाळून गळते. बैलांच्या मानेवरच्या, शेळ्यांच्या सडांवरच्या अशा किती चामखिळी त्यानं घालवल्या याची गणतीच नव्हती. हळूच सांगायचं तर एका फौजदाराच्या नाकावरचीसुद्धा त्यानंच घालवली होती, आणि फौजदारानं त्याबद्दल त्याला कधी ओळख दाखवली नाही.

चौपन्न साली तालुक्याला जनावरांचे नवे डॉक्टर आले. पुण्याकडचा तरुण माणूस, सायकलवर फिरणारा, दिवसातून वीसदा साबणानं हात धुणारा. पहिल्याच आठवड्यात एका मारक्या म्हशीला कासमनं नुसतं मानेवर हात ठेवून उभं केलं, ते डॉक्टरांनी पाहिलं आणि त्याला दवाखान्यात मदतीला घेतलं.

"कासमभाई, जनावर तुमच्या हाताला भीत नाही. ही विद्या मला कॉलेजात कुणी शिकवली नाही," ते म्हणाले. "पण एक अट आहे. बिब्बा, डागणी, केस बांधणं, हे सगळं आजपासून बंद. दवाखान्यात नाही आणि घरीही नाही."

डॉक्टरांच्या या अटीला कारण होतं. कुणी तरी डोळ्यापाशी बिब्बा घातलेली एक गाय त्याच सकाळी आली होती आणि तिच्या डोळ्याच्या जागी नुसता चिखल उरला होता. कासमनं शपथ घेतली आणि दोन वर्षं पाळली. डॉक्टर कुणी वरचा साहेब आला की कौतुकानं सांगायचे, "हे आमचे कासमभाई. यांनी जुनं सगळं सोडलं." ते ऐकताना कासमची मान ताठ व्हायची. पन्नाशी उलटून गेल्यावर कुणी शिकलेल्या माणसानं आपल्याला चारचौघांत 'आमचे' म्हणावं, याचं त्याला फार अप्रूप होतं. सारं घोडं इथंच अडलं, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

छप्पन्नच्या भाद्रपदात, रविवारच्या बाजारी, तळेघरची लंकाबाई कुत्र्याला घेऊन दवाखान्याच्या दारात येऊन बसली.

लंकाबाईला कासम पंधरा वर्षं ओळखत होता. गोऱ्हे खच्ची करायला तो दर साल डोंगरात जायचा आणि तळेघरला तिच्याच पडवीत मुक्काम करायचा. आधी तिचा नवरा होता, मग नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच. उरलं खाचरातलं थोडं भात, उतारावरची नाचणी आणि हौश्या. हौश्या म्हणजे डोंगरी कुत्रा, तांबूस, छातीला रुंद, आवाज खालच्या वाडीपर्यंत पोचणारा. नाचणीत शिरलेल्या रानडुकराशी भिडताना त्याचा डावा डोळा फुटला होता, पण उजव्या डोळ्याच्या जोरावर तो अजून डुकरांना रानात पाय ठेवू देत नव्हता. घरात बोलायला लंकाबाईला तेवढाच एक जीव होता आणि ती त्याच्याशी दिवसभर बोलत असे. लोक हसायचे. हसणाऱ्यांच्या घरी माणसं होती, त्यांचं काय जातं?

"कासमभाई, ह्याच्या पापनीवर दाना आलाय बगा," ती म्हणाली. "आखाडात मोहरीयेवढा व्हता, आता तुरीयेवढा झालाय. सारखा पंजानं खाजवतोय. हाच येक डोळा हाय वो त्याला."

कासमनं हौश्याचं डोकं मांडीवर घेतलं. वरच्या पापणीच्या कडेला गुलाबी दाणा होता. मऊ, बोटानं हलणारा, घासून घासून डोळ्यातून पाणी काढणारा. बाकी डोळा लख्ख होता. कासमच्या बोटांनी लगेच निवाडा दिला, की ही साधी चामखीळ. नाव चुकलं असेल, पण 'साधी' हा बोटांचा निवाडा बरोबर होता. पुढं जे झालं त्यात बोटांचा काही दोष नव्हता.

"डॉक्टर पिंपरी पेंढार, निमगाव सावा तिकडं गुरांना बुळकांडीच्या साथीच्या लशी टोचायला गेल्याती," तो म्हणाला. "बारा-पंधरा दिस तरी येत न्हाईत. तवर दम धरा."

"पंधरा दिस?" लंकाबाईच्या तोंडचं पाणीच पळालं. "नाचनी निसवलीया, कनसं भाराय लागल्याती. डुकरं टपून बसल्याती. दीड दिस चालून आलेय मी, शेजारच्या सखूबाईला रानात बसवून. पुन्यांदा कशी येऊ? काय तरी करा वो कासमभाई. तुमी केलं म्हंजी झालंच."

आता इथं कासमनं जरा कान बंद करायचे होते. पण ते शेवटचं वाक्य त्याला गुदगुल्या करून गेलं. दोन वर्षांत 'तुम्ही केलं म्हणजे झालंच' असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. सगळे डॉक्टरांनाच म्हणत होते.

तो तिला घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोनं, नूरबीनं, तिला भाकरी वाढली, हौश्याला दुधात कुस्करून दिली. सत्तार टांगेवाल्याचा घोडा शेजारच्याच छपरात बांधलेला असे. कासमनं त्याच्या शेपटीचा केस उपटून आणला, तेलात बुडवला. बैलाच्या मानेचं कातडं बोटभर जाड असतं आणि पापणी कांद्याच्या सालीसारखी असते, हे काय त्याला कळत नव्हतं? पापणीवर त्यानं आयुष्यात कधी केस बांधला नव्हता. तरी बांधला. तीन वेढे दिले, गाठ आवळली आणि पंजात अडकू नये म्हणून टोकं मुळाशी कापून टाकली. हौश्या एकदा कण्हला, पण मान काढून घेतली नाही. तो कासमला ओळखत होता.

"आठ दिसांत गळंल," कासम म्हणाला.

लंकाबाईनं त्याच्यापुढं हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची ती डोंगराची वाट चालायला लागली.

बाराव्या दिवशी ती परत आली. डॉक्टर दौरा लवकर आटोपून आदल्याच संध्याकाळी आले होते आणि ओसरीवर बसून कागद चाळत होते, त्यामुळे तिला पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं. कासम आतून बादली घेऊन बाहेर आला आणि हौश्याकडे नजर जाताच बादली त्यानं दारातच ठेवली.

तुरीएवढा दाणा आता आवळ्याएवढा झाला होता. काळा, फुटलेला, कडांना लाल मांस आलेलं. पापणी सुजून डोळा दिसेनासा झाला होता, त्यातून पू आणि रक्त वाहत होतं, आणि दोन हातांवरून वास येत होता. हौश्या भिंतीला खांदा लावून चालत होता. केस मात्र कुठंच दिसत नव्हता. सूज चढली तसा तो मांसात पार बुडून गेला होता.

डॉक्टरांनी हात धुतले, गुडघ्यावर बसले. पापणी हळूच उचलून पाहिली, गाठ दाबून पाहिली, जबड्याखाली चाचपलं. तिथं सुपारीएवढी गाठ लागली.

"हे कधीपासून आहे?"

"दाना आखाडापासनं हाय. पन येवढा हा धा-बारा दिसांतच वाढला."

"दहा-बारा दिवसांत?" डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. काही नवीन आलं की ते कासमला समजावून सांगायचे, तशी त्यांना सवयच होती. "पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, कासमभाई. कुत्रं म्हातारं झालं की तिथं गाठ येते. बहुतेक वेळा निरुपद्रवी. जागा बधिर करायची, पापणीचा एवढासा त्रिकोणी तुकडा गाठीसकट काढायचा, दोन्ही कडा नीट जुळवायच्या, रेशमाचे चार टाके. दहा दिवसांत कुत्रं विसरूनसुद्धा जातं. पण ती गाठ सावकाश वाढते. अशी काळी पडत नाही, अशी सडत नाही, आणि आठवड्यात दसपट होत नाही." ते थांबले. मग त्यांनी मान वर करून दोघांकडेही पाहिलं. "नीट आठवून सांगा. कुणी काही केलंय का याला? बिब्बा? डाग? काही बांधलं, कापलं?"

कासमच्या जिभेवर शब्द आला होता. खरंच आला होता. आणि त्याच क्षणी त्याला 'हे आमचे कासमभाई' ऐकू आलं, आणि तो शब्द तिथंच चिकटला. त्यानं मनाशी हिशेब केला: सांगितलं काय आणि न सांगितलं काय, डॉक्टर ही गाठ कापणारच. ती कापली की केसही तिच्याबरोबर जाणार. मग सांगून फरक काय पडणार? बापजाद्यांपासून जनावरांना हात लावणारा हा माणूस, आणि त्याला एवढं कळू नये, की डॉक्टर काय कापणार हे त्याच्याच तोंडातल्या एका शब्दावर ठरणार आहे! पण नाही कळलं. आमच्याकडचे जाणते असेच; दुखणं हाताला कळतं, म्हणून तोंडानं सांगायचंही काही असतं हे त्यांना कधी वाटतच नाही.

लंकाबाई त्याच्याकडे बघत होती.

"न्हाई साहेब," कासम म्हणाला.

लंकाबाईनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग डोळे खाली केले. "न्हाई," तीही म्हणाली.

कासमला भरून आलं. या बाईनं आपली अब्रू राखली, असं त्याला वाटलं.

डॉक्टरांनी गाठ पुन्हा एकदा दाबून पाहिली. मग उठले आणि पुन्हा हात धुतले. त्यांचा आवाज बदलला होता.

"बाई, ही गाठ वाईट जातीची दिसतेय. नुसती गाठ काढून भागणार नाही. अख्खा डोळा काढावा लागेल, पापण्यांसकट."

"दुसरा फुटलेलाच हाय वो."

"हो. पाहिलं मी."

"म्हंजी पार आंधळा?"

"हो. आणि तरीही जगेल असं मी सांगत नाही. जबड्याखाली गाठ आली आहे, म्हणजे मुळं पुढं गेली असणार. तुकडा मुंबईला तपासायला पाठवता येतो, पण उत्तर यायला महिना-दीड महिना जातो. तोवर याला असं ठेवायचं..." त्यांनी हौश्याकडे बघितलं. हौश्या थरथरत होता. "डोळा काढायचा नसेल तर एक इंजेक्शन आहे. झोप लागते. मग उठत नाही. त्रास होत नाही. ठरवायचं तुम्ही, मी घाई करत नाही."

लंकाबाई हौश्याला घेऊन आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसली. कासम तिला पाणी घेऊन गेला. तिथं दोघंच होते. ओसरी चाळीस पावलांवर होती, डॉक्टर आत गेले होते. सांगायचं असतं तर याहून बरी जागा आणि याहून बरी वेळ मिळाली नसती.

तिनं पाणी घेतलं नाही. "कासमभाई, मी तर अडानी. आंधळं जनावर डोंगरात किती दिस ठेवू? कड्यावरनं जाईल, न्हाई तर डुकरं फाडतील. पन सोताच्या तोंडानं मार म्हनू तरी कसं? तुमी काय म्हंता? तुमी म्हनाल तसं करू."

कासमला आता खरं सांगायचं म्हणजे केस बांधल्याचंच नव्हे, घटकेपूर्वी खोटं बोलल्याचंही सांगावं लागणार होतं. एका खोट्याचं ओझं तासाभरात दुप्पट होतं, तसं झालं होतं. त्यातून डॉक्टर एवढं शिकलेले. त्यांना वाईट गाठ दिसली, तर असेलही वाईट. केस आपण चांगल्या गाठीवर बांधला हे कशावरून? आत आधीपासूनच काही असेल. आपली बोटं काय, चुकतातही. ज्या बोटांचा त्याला जन्मभर गर्व होता, त्यांच्यावर तो त्या लिंबाखाली बसून पटकन उलटला.

"डॉक्टर लई शिकल्याले हाईत, बाई," तो म्हणाला. "ते म्हंतात ती सुईच टोचून घ्या. जनावराचे हाल बगवत न्हाईत."

लंकाबाईनं मान हलवली. पदरानं हौश्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं आणि उठली.

हौश्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. पुढचा पाय कासमनं धरला. डॉक्टरांनी शीर शोधली. हौश्यानं एकदा नाक वर करून कासमचा हात हुंगला आणि शेपूट जमिनीवर आपटली, दोनदा. लंकाबाई त्याच्याशी बोलत होती, रोजच्यासारखं. भाकरी खायची का, डुकरं आली बघ, असलं काहीतरी. ती बोलतच राहिली, डॉक्टरांनी सुई काढून घेतली तरी. शेवटी डॉक्टरांनीच तिला सांगितलं, की आता थांबा.

दीड दिवसाच्या वाटेनं मेलेलं कुत्रं नेणं तिला शक्य नव्हतं. आवाराच्या मागं कासमनं खड्डा खणला. पुरण्याआधी डॉक्टरांनी ती गाठ कापून औषधाच्या बरणीत घातली. "उत्तर आलं की निदान खात्री तरी होईल," ते म्हणाले. "पुढच्या वेळी उपयोग होतो." कासमच्या हातातलं फावडं थांबलं. मग तो पुन्हा खणायला लागला.

लंकाबाई रिकामी दोरी गुंडाळून घेऊन गेली.

त्यानंतर पाच आठवडे कासम कसा जगला हे त्याचं त्यालाच माहीत. जेवण जाईना. नूरबीनं हकीम केला, ताईत केला, शेवटी वैतागून शिव्या घातल्या. घरात त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. शुक्रवारी नमाज झाल्यावर सगळे उठून गेले तरी तो बसून राही आणि हात पसरून एकच मागणं मागे: या अल्ला, ती गाठ वाईट निघू दे. कुणाच्या शरीरातलं दुखणं खरंच जीवघेणं असावं, अशी दुवा माणूस मागतो का? कासम मागत होता, आणि आपण काय मागतोय हे कळून त्याची त्यालाच किळस येत होती. एवढ्या सगळ्यात त्याला एकच आधार होता. लंकाबाईनं आपल्यासाठी तोंड उघडलं नाही. लिंबाखाली दोघंच असतानाही तिनं केसाचं नाव काढलं नाही. एवढी मोठ्या मनाची बाई! तिनं आपल्याला माफच केलं आहे, असं तो मनाला सांगे, आणि तेवढ्यावर त्याला घटकाभर डोळा लागे.

मुंबईचं पत्र दिवाळीच्या आधी आलं. डॉक्टरांनी ते उभ्यानं वाचलं, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं.

"दार लोटून घ्या, कासमभाई."

कासमनं दार लोटलं.

"साधी गाठ होती," डॉक्टर म्हणाले. "पापणीतल्या तेलाच्या ग्रंथीची. वाईट काही नाही. रक्त अडल्यामुळं सडलेली आणि सडल्यामुळं सुजलेली, जबड्याखालची गाठही त्याच पुवानं आलेली. आणि ते लिहितात की मुळाभोवती, मांसात रुतलेला, एक जाड केस सापडला. तीन वेढे. गाठ मारलेली."

कासम दाराला पाठ लावून उभा होता.

"मी विचारलं होतं."

"व्हय साहेब."

"दोनदा विचारलं असतं तर बोलला असता?" डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मी केस कापून काढला असता. आठ दिवस धुतलं असतं, सूज उतरू दिली असती. मग एवढंसं काढायचं होतं." त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. "चार टाके. डोळा राहिला असता. सुई मी माझ्या हातानं टोचली, कासमभाई. तुमच्या एका शब्दावर मी बरं होणारं जनावर मारलं, आणि त्या बाईला सांगितलं की यात दया आहे."

डॉक्टरांनी पत्राची घडी घातली. कासम वाट बघत होता, की आता 'उद्यापासून येऊ नका' म्हणतील. ते म्हणाले नाहीत.

"तिला सांगायला हवं. पत्रानं नाही, तोंडानं. मी येऊ?"

"न्हाई," कासम म्हणाला. "माझं मी सांगतो."

तो पायीच निघाला. मोटार घोडेगावपर्यंत मिळाली असती, पण मोटारीत बसून जावंसं त्याला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तळेघरला पोचला. वाटेत त्यानं सगळं बोलणं ठरवून ठेवलं होतं. ती रडली तर काय म्हणायचं, शिव्या घातल्या तर कसं ऐकून घ्यायचं. तुम्ही माझी अब्रू राखलीत, त्याची परतफेड मी करू शकत नाही, हेही म्हणायचं ठरवलं होतं.

लंकाबाई अंगणात नाचणी झोडत होती. कणसांचा ढीग लहानच होता. उतारावरचं रान जिकडंतिकडं उकरलेलं, आडवं झालेलं दिसत होतं. हौश्या गेल्यावर डुकरांना अडवायला कुणी नव्हतं. तिनं थाळी बडवून काय राखलं तेवढंच राहिलं होतं. कासमला पाहून तिनं काठी टेकली. चेहरा उजळला तिचा.

"या, कासमभाई. अवंदा लवकर आलात? बसा, पानी आनते."

"पानी नको. आधी ऐका." तो उभाच राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. पत्र, साधी गाठ, केस, तीन वेढे. आपण बांधलेल्या केसानंच ती सडली, हे सांगितलं. डॉक्टरांना कळलं असतं तर ते काय करणार होते, तेही सांगितलं.

तो थांबल्यावर लंकाबाई म्हणाली, "म्हंजी हौश्या जगला असता?"

"व्हय."

"दिसत असता?"

"व्हय. डोळ्यासकट."

ती खाली बसली. नाचणीची दोन-चार कणसं उगीच हातात घेऊन चोळत राहिली.

"बाई, तुमी माझी लाज राखली," कासम म्हणाला. "डॉक्टरनं इचारलं तवा तुमी बोलला असता तर माझं तोंड काळं झालं असतं. तरी तुमी माझ्यापायी गप बसला. मी..."

"तुमच्यापायी?" लंकाबाईनं वर बघितलं. तिला खरोखरच काही कळेना. "तुमच्यापायी कशाला गप बसू? माझा हौश्या मरत व्हता, कासमभाई. केस बांधल्याचं माझ्या जिभेवर आलं व्हतं. मी तुमच्याकडं बगितलं. तुमी न्हाई म्हनलात. मला वाटलं, हा जानता मानूस हाय, ह्यो न्हाई म्हनतो म्हंजी केसाचा यात काय संमंध नसनार. आपन अडानी बाई, मधी बोलून डॉक्टरच्या डोक्यात घोळ कशाला घाला? म्हनून मी बी न्हाई म्हनले."

पाच आठवडे ज्या एका गोष्टीवर टेकून कासम उभा होता, ती नव्हतीच. तिनं त्याला माफ केलं नव्हतं, कारण माफ करायला काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. तिनं नुसता विश्वास टाकला होता.

"आन लिंबाखाली," ती म्हणाली, आणि आता कुठं तिचा आवाज कापला, "डॉक्टरचं मी ऐकलं न्हाई. डॉक्टर माझा कोन? मी तुमाला इचारलं. मारू का ठेवू, हे मी तुमाला इचारलं व्हतं."

"व्हय," कासम म्हणाला. ठरवून आणलेल्या बोलण्यातला एकही शब्द त्याला आठवेना.

"तवा तुमाला ठावं व्हतं."

कासमनं मान खाली घातली. लंकाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिची नजर उत्तर मागत होती, आणि उत्तर एकच होतं, आणि ते तिला मिळालं.

"जावा आता," ती म्हणाली. "ऊन कलायच्या आत घाट उतरा."

तिनं पुन्हा काठी उचलली. कासम अंगणाच्या कडेपर्यंत गेला, थांबला. मागून एकसारखी काठी पडत होती. हाक येईल असं त्याला उगीच वाटलं. हाक आली नाही, म्हणून तो चालायला लागला.